मागं अजून एक आहे

दिवा बारीक करा जरा. बंद नको, बारीक. आणि खिडकीपाशी बसलायस तो तू रे, आज दुपारी वळणावरून निघून आलास ना, दोघंजण मागं असताना? रागावत नाही मी. पुढं ये, शेगडीजवळ बस. ही गोष्ट तुझ्यासाठी आहे, बाकीच्यांनी फुकटात ऐकावी.

गोष्ट आयव्हर स्पेन्स्लीची. माझ्या ओळखीचा म्हणजे काय, बावीस वर्षं एका क्लबात सायकल मारली आम्ही. धंद्यानं नळदुरुस्तीवाला, बोलायला कंजूष, आणि थापा मारणं त्याला आयुष्यात जमलं नाही. हे सगळं त्यानं मला स्कार्बराच्या इस्पितळात सांगितलं, दोन्ही पायांना पट्ट्या होत्या तेव्हा. मी एकही शब्द पदरचा घालत नाही.

तारीख तीस नोव्हेंबर दोन हजार एकोणीस, शनिवार. आणि त्या दिवशीचं काम काय होतं, तर केकचा डबा परत करायचा.

डबा होता गार्बटबाईंचा. खाली स्कार्थडेलमध्ये त्यांचा पब आहे, उद्या तुम्ही तिथंच जेवणार आहात. ऑगस्टात त्यांनी एनिडला डबाभर पार्किन केक बांधून दिला होता. एनिड म्हणजे आयव्हरची बहीण. कुणाचं भांडं घरात ठेवून घेणं हे तिच्या लेखी चोरीपेक्षा थोडंच कमी. तिनं डबा पोस्टानं पाठवायचं चालवलं होतं, तर आयव्हर म्हणाला, "पोस्टात चेपला तर तूच रात्रभर झोपायची नाहीस. चल आमच्याबरोबर, स्वतःच्या हातानं दे." अशी ती हिवाळ्यात घराबाहेर पडली. नाहीतर पडली नसती.

कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत तिचा नवरा लेन गेला होता. लेन आमचा शेवटचा माणूस. शेवटचा माणूस म्हणजे काय ते सकाळी सांगितलंय, तरी पुन्हा सांगतो, कारण तुमच्यातल्या एकाच्या कानात ते शिरलेलं नाही. वळण आलं की सगळ्यांत पुढच्याच्या मागचा सायकलवाला तिथं उतरतो, उभा राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात करून वाट दाखवतो. येणारा ओरडतो, "मागं अजून एक आहे!" किंवा दोन, किंवा पाच. आणि सगळ्यांत शेवटी जो येतो तो ओरडतो, "शेवटचा!" तो शब्द कानावर पडेपर्यंत वळणावरच्यानं हलायचं नाही. पाऊस येवो, बर्फ येवो, वीज पडो. वळणावर माणूस उभा दिसला की बाकीच्यांनी नकाशा उघडायचा नाही. सगळा कारभार त्या एका शब्दावर चालतो.

एकोणीस वर्षं एनिड लेनच्या पुढं सायकल चालवायची आणि प्रत्येक वळणावर खणखणीत आवाजात ओरडायची, "मागं अजून एक आहे!" तो एक म्हणजे लेन. तो गेल्यावर शेवटची जागा आयव्हरनं घेतली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. बहिणीला एकटीला मागं सोडणं त्याला जमणार नव्हतं.

वर्षातून चारदा आम्ही या दरीत येतो. एप्रिलात नदीकाठी पिवळ्या फुलांतून चालायला. तेव्हा एनिड आली, पण दिवसभर एक अक्षर बोलली नाही, बुटांकडं बघत चालली. जूनमध्ये सायकलवर बसली, घाटात उतरून ढकलत आली, आणि माथ्यावर बसून मोठमोठ्यानं रडली. आयव्हर शेजारी बसून तिच्या चाकाची हवा तपासत राहिला. त्याला तेवढंच येत होतं. ऑगस्टात माळ हेदरच्या फुलांनी जांभळा झाला होता, मधमाश्यांनी नुसता गुणगुणत होता, आणि त्या दिवशी ती हसली. मधमाशी आमच्या क्लबातल्या बेरिलच्या सदऱ्यात शिरली म्हणून हसली, पण हसली. आयव्हर मला म्हणाला, "मॉरिस, हिचा हिवाळा निघाला की सुटलो." तेवढी एकच गोष्ट हवी होती त्याला. तिला हिवाळ्यातून पलीकडं न्यायचं.

मॉरिस म्हणजे मी. कळलंच असेल.

तर त्या शनिवारी आम्ही अकरा जण. पुढं बेरिल, मागं आयव्हर, त्याच्या पुढं एनिड, तिच्या मागच्या कॅरिअरवर डबा. चार वाजता माळावर पोचलो आणि सूर्य बुडाला. इथवर काही बिघडलं नव्हतं. दिवे होते, रस्ता ओळखीचा होता. मग धुकं आलं. उतरलं नाही, पायाखालून वर आलं. आणि गोठत होतं. ज्याला लागेल त्याच्यावर पांढरं बसत होतं.

माळावर एकच फाटा आहे. उद्या बघालच. वाटेचा जुना दगड उभा आहे, माणसाच्या छातीएवढा. डावीकडं रस्ता खाली गावात जातो. उजवीकडची वाट जुन्या लोखंडाच्या खाणींकडं. तिथं विहिरीसारखी तोंडं उघडी आहेत, काहींना कुंपण आहे, काहींचं पडलंय. त्या दगडापाशी उभं राहायची पाळी होती माझी.

मी उभा राहिलो. सात जण गेले. "मागं अजून दोन!" सातवा ओरडून गेला. म्हणजे एनिड आणि आयव्हर. मी थांबलो. पाच मिनिटं. दहा. बोटं कुठं आहेत ते कळेना. खाली पबात शेगडी होती, स्टेक-पाय होता. मी मनाशी म्हटलं, आयव्हर डोळे बांधूनही हा रस्ता उतरेल...

मी निघून आलो.

पबात बेरिलनं विचारलं, "ते दोघं?" मी म्हटलं, "येतायत." आणि खुर्ची शेगडीकडं ओढली.

आता वर माळावर काय झालं ते ऐका. फाट्याच्या अलीकडं मैलभरावर मेंढ्यांचा दगडी कोंडवाडा आहे. एनिडला तिथं आडोशाला जायचं होतं. आता साठीची बाई, भाऊ मागं, ओरडून सांगणार का? सायकल भिंतीला लावली आणि गेली आत. धुक्यात आयव्हर तिच्यापुढून निघून गेला. त्याला वाटलं ती पुढं आहे. ती बाहेर आली, तर तो दिसेना. तिला वाटलं, सभ्य माणूस, लांब मागं थांबला असेल. साधी गोष्ट. कुणाची चूक नाही. चूक होती ती फक्त फाट्यावर.

आयव्हर फाट्यावर आला तेव्हा पाचला वीस कमी होते. दगडाला टेकून एक सायकल होती आणि शेजारी पिवळ्या मेणकापडी झग्यातला माणूस उभा. डोक्यावर टोपी ओढलेली. डावा हात खाली गावाकडं धरलेला. माझाही झगा पिवळाच.

"मॉरिस," आयव्हर म्हणाला, "गोठलास की काय लेका? एनिड गेली ना पुढं?"

हात तसाच गावाकडं धरलेला.

"अरे, एनिड गेली का?"

"शेवटचा?" त्या माणसानं विचारलं.

आवाज माझा नव्हता. आयव्हरनं दिवा खाली धरला. रस्त्यावर पांढरा थर बसला होता आणि त्यावर आम्हा सगळ्यांच्या चाकांच्या रेघा होत्या, पण त्याही पुन्हा पांढऱ्या होत आल्या होत्या. ताजी एकही नव्हती. म्हणजे एनिड पुढं गेलेली नव्हती. ती मागं होती, एकटी, आणि फाटा पुढं होता.

"शेवटचा?"

आता बघा, त्याचं काय झालं असेल. हो म्हटलं तर वळणावरचा माणूस निघून जाणार. एनिड येणार, वळण मोकळं दिसणार, आणि तिला रस्त्यांचं कधीच कळलं नाही. उजवीकडं वळली तर खाणी. आणि मागं जाऊन शोधावं तर या धुक्यात पुन्हा चुकामूक व्हायची. शब्द खोटा कसा द्यायचा? तो बावीस वर्षांत खोटा बोलला नव्हता.

"नाही," आयव्हर म्हणाला. "माझी बहीण मागं आहे. मी थांबतो तुझ्याबरोबर."

माणसानं मान हलवली. बस्स, एवढंच. आयव्हर सायकलवरून उतरला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला.

थोड्या वेळानं त्याला दिसायला लागलं. त्या माणसाचा झगा वाकत नव्हता. थर बसून ताठ झाला होता, पत्र्यासारखा. टेकलेल्या सायकलचे ब्रेक सळईचे होते, हल्ली कुणाकडं नसतात तसले. आणि आयव्हरच्या तोंडातून वाफ निघत होती. शेजारच्याच्या... नव्हती.

"तू कोण रे?" आयव्हरनं हळूच विचारलं.

"मला थांब म्हणालेत," तो म्हणाला. तक्रार नव्हती आवाजात.

आयव्हरनं पाय उचलायला बघितला. उचलेना. दुसरा... तोही नाही. दुखत नव्हतं. बूट गवतात होते, आणि गवत त्यांना सोडत नव्हतं.

मग डब्याचा आवाज आला. खडखड, खडखड, कॅरिअरवर पत्र्याचा डबा. धुक्यात एक उजेड. एनिड! आयव्हर ओरडला, "एनिड! एनिड, थांब!" आपला आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. ती सरळ आली. चार हातांवर आली. फाट्यापाशी जरा घोटाळली, चाक उजवीकडं वळायला लागलं, आणि तिनं मान वर केली. तेव्हा आयव्हरला कळलं की आपला हात वर आहे. डावा हात, खाली गावाकडं. तो त्यानं उचललेला नव्हता.

तिनं हात बघितला आणि डावीकडं वळली. वाचली. वळता वळता एकोणीस वर्षांच्या सवयीनं खणखणीत ओरडली,

"मागं अजून एक आहे!"

आणि गेली.

तुमच्या लक्षात येतंय का? चांगल्या सायकलवालीनं जे ओरडायचं तेच ती ओरडली. पण मागं कुणी नव्हतं. जो मागं होता तो तिच्या शेजारीच उभा होता. आता शब्द द्यायला कोण येणार होतं? कुणीच नाही. आयव्हर लाल दिवा लहान होत जाताना बघत राहिला. हाका मारल्या... खूप मारल्या. मग थांबला. शेजारच्याला सवय होती.

एनिड सव्वापाचला पबात आली. डबा दिला, गार्बटबाईंनी मिठी मारली. "आयव्हर?" बेरिलनं विचारलं. "हा काय, मागंच," एनिड म्हणाली. पाच मिनिटं गेली. पंधरा झाली. माझ्या ताटातला स्टेक-पाय थंड झाला. शेवटी मी उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी फाटा सोडून आलो. एखाद्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

बचाव पथकाला फोन केला, ते दीड तास लांब. गार्बटांच्या जीपमधून आम्ही वर गेलो: बाईंचा नवरा गार्बट, एनिड आणि मी. फाट्यावरून कोंडवाड्यापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा गेलो. फाट्यावर मी दोन्ही वेळा खाली उतरलो. मोठा टॉर्च दगडावर मारला, दगडाच्या मागं मारला. कुणी नव्हतं. सायकलसुद्धा नव्हती.

आयव्हरनं मला नंतर इस्पितळात सांगितलं, "तू टॉर्च माझ्या तोंडावर मारलास. दोन वेळा. डोळे दिपले माझे. दुसऱ्या वेळी तू रडत होतास."

मी रडत होतो. अंधारात, धुक्यात, जीपकडं पाठ करून. हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं.

आठ वाजले. गार्बटनं फाट्यावर जीप थांबवली. इंजिन बंद केलं. एनिड पुढच्या सीटवर. ती म्हणाली, "मॉरिस, तू किती वाजता निघालास इथून?"

"साडेचारला."

"मग मला हात कुणी दाखवला?"

गार्बटनं माझ्याकडं वळून बघितलं.

"दोघं होते," ती म्हणाली. "मला वाटलं, तू आणि बेरिल."

गार्बटनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तो म्हणाला, त्याचे वडील सांगायचे, त्रेसष्टच्या थंडीत परगावच्या क्लबातला एक जण इथं उभा होता. त्यांचा शेवटचा माणूस पाय मुरगळला म्हणून आधीच्या गावातून आगगाडीनं घरी गेला. फाट्यावरच्याला सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सकाळी सापडला तो. उभाच.

"तू काय ओरडलीस गं?" मी विचारलं. "फाट्यावर, काय ओरडलीस?"

एनिडनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं दार उघडलं.

"मी येतो," मी म्हटलं.

"नको. तू आलास तर मी शेवटची राहणार नाही."

ती चालत मागं गेली, धुक्यात, वीसेक पावलं. आम्हाला दिसेनाशी झाली. मग वळली आणि फाट्याकडं चालत येताना तिचा आवाज ऐकू आला. सुरुवातीला फुटेना. फेब्रुवारीपासून जे वाक्य तिनं एकदाही म्हटलं नव्हतं, घरात नाही, कबरीपाशी नाही, ते तिला म्हणायचं होतं. मी तिथं जीपमध्ये बसून होतो, आणि तिच्यासाठी मी काहीही करू शकत नव्हतो.

"माझ्या मागं..." ती थांबली.

"माझ्या मागं कुणी नाही. मी खोटं बोलले होते. कुणी नाहीये मागं. मीच... मीच शेवटची."

धप्प असा आवाज झाला. आम्ही धावलो. दगडाच्या पायथ्याशी आयव्हर पडला होता, तिच्या पायांवर. सायकल त्याच्या अंगावर. जिथं मी दोन वेळा टॉर्च मारला होता, तिथंच. डावा हात ताठ. तो खाली आणायला आम्हाला जीपमध्ये अर्धा तास लागला. पायाची तीन बोटं गेली त्याची, जीव वाचला. एनिडनं पूर्ण हिवाळा त्याच्या घरी काढला. कोण कुणाला हिवाळ्यातून नेत होतं ते मला सांगता येणार नाही.

इस्पितळात मी त्याला एकच विचारलं. तिनं शब्द दिला तेव्हा शेजारचा...?

आयव्हर छताकडं बघत होता.

"त्यानं माझ्याकडं बघितलं," तो म्हणाला. "विचारल्यासारखं. शब्द माझ्यासाठी की दोघांसाठी, ते त्याला कळत नव्हतं. मला सांगायचं होतं रे त्याला, जा बाबा म्हणून. पण तोंड उघडेना. मग मी पडलो."

आता एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आयव्हरची सायकल आणायला मी एकटा वर गेलो. धुकं गेलं होतं. लख्ख ऊन, आणि सगळा माळ पांढरा. रात्री गार्बटची जीप उतरली त्यानंतर पुन्हा थर बसला होता, तिची चाकं बुजली होती. त्या थरावर कोल्ह्याचंसुद्धा पाऊल नव्हतं. चालत जाताना पहिली खूण मीच उमटवतोय असं मला वाटलं.

तसं नव्हतं. रस्त्याच्या कडेनं एक रेघ होती. सायकलच्या एका चाकाची, अरुंद, ताजी. ती खाली उतरत होती. मी तिच्या उलट वर गेलो. ती दगडापाशी सुरू होत होती. दगडापलीकडं काही नव्हतं.

आयव्हरची सायकल हातात धरून मी त्या रेघेच्या शेजारून परत खाली आलो. दीड मैल. ती कुठंच डगमगली नव्हती, कुठं पाय टेकलेला नव्हता. गावात शिरली, पुलावरून आली, पबच्या अंगणात वळली आणि भिंतीपाशी गेली, जिथं आम्ही सगळे सायकली लावतो तिथं. तिथं संपली. परत जाणारी रेघ नव्हती.

भिंतही पांढरी झाली होती, वरपासून खालपर्यंत. फक्त हँडलच्या उंचीवर, हाताच्या पंजाएवढा दगड कोरडा होता. मी हात लावून बघितला.

कोमट होता.